गावच्या शाळेसाठी परदेशी सरकारची मदत कशी मागावी: बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागात अशी कितीतरी मराठी गावे आहेत, जिथे शाळेच्या दुरुस्तीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "जपानवाले शाळा बांधून देतात म्हणे, आपण का मागू नये?" जरूर मागावी. सीमेपलीकडे पाहत बसण्यापेक्षा आणि बेंगळूरुची वाट बघत पोरांना गळक्या कौलांखाली बसवण्यापेक्षा हे कधीही बरे. पण या कामात पैसा सगळ्यात शेवटी येतो. बहुतेक मंडळी पहिल्याच दिवशी दूतावासाला पत्र लिहितात आणि उत्तर आले नाही की नाद सोडतात. सुरुवात करायची ती तलाठ्याच्या चावडीपासून.

आपल्या जिल्ह्याला हा मार्ग नवा नाही. १९९४ मध्ये केंद्र सरकारने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी, सुरू केला, तेव्हा कर्नाटकातले पहिल्या टप्प्याचे चार जिल्हे होते बेळगाव, कोलार, मंड्या आणि रायचूर. त्या टप्प्यात कर्नाटकाच्या वाट्याचा बाहेरचा पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून आला. इतर राज्यांत आणि पुढच्या टप्प्यांत युरोपीय संघ, ब्रिटन, नेदरलँड्स यांनीही हातभार लावला. जुन्या शिक्षकांना विचारा, त्या काळात बांधलेल्या खोल्या ते आजही "डीपीईपीची खोली" म्हणूनच दाखवतात. मात्र ती मदत सरकार ते सरकार होती. गावाला अर्ज करावा लागला नव्हता. आता चित्र बदलले आहे. २००३ मध्ये भारत सरकारने ठरवले की थेट द्विपक्षीय मदत मोजक्या देशांकडूनच घ्यायची: जपान, ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, रशिया आणि युरोपीय संघ. पुढच्या वर्षी हा नियम थोडा सैल झाला, पण तोवर बरेच छोटे देश बाजूला झाले होते. ब्रिटनने भारताला दिले जाणारे पारंपरिक अनुदान २०१५ अखेर थांबवले. अमेरिकेची परदेशी मदत देणारी यूएसएआयडी ही संस्था २०२५ मध्ये मोडीत निघाली आणि १ जुलै २०२५ पासून उरलेले काम त्यांच्या परराष्ट्र खात्याकडे गेले. म्हणून आज खेड्यातल्या एका शाळेने डोळ्यांसमोर ठेवावी अशी ठोस योजना म्हणजे जपानची. तिच्याकडे मी पुढे येतो.

पहिले काम: जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडचे निम्मे प्रस्ताव इथेच अडतात.

शाळेच्या जागेचा उतारा काढा. कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या 'भूमी' या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर घालून पाहता येतो, पण सही-शिक्क्याची प्रत हातात असू द्या. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीकडून ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या मालमत्ता-नोंदीचा, नमुना लागेल. तो पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, मागा.

जांबोटीकडच्या एका शाळेचा उतारा माझ्यासमोर आला होता. मालकाच्या रकान्यात दोन सख्ख्या भावांची नावे, दोघेही केव्हाच वारलेले. शेऱ्याच्या रकान्यात विकास सोसायटीचा जुना बोजा. शाळेचा उल्लेख कुठेच नाही. गावातल्या कुणाला विचारले तर "ती जागा त्यांनीच शाळेला दिली, सगळ्यांना ठाऊक आहे." सगळ्यांना ठाऊक होते, पण कागदाला ठाऊक नव्हते. त्या काळी माणसे शब्दाला पक्की होती, पाच गुंठे शाळेला दिले म्हणजे दिले. त्यांचे उपकार मोठेच. पण परदेशी सरकार करदात्यांचा पैसा घालते, ते तोंडी दानावर स्लॅब टाकणार नाही. तसे त्यांनी करूही नये.

अशा वेळी वारसांची नोंद करून घ्यावी लागते आणि मग सगळ्या वारसांच्या सह्यांनी उपनिबंधक कार्यालयात नोंदणीकृत दानपत्र करावे लागते. सगळ्या म्हणजे सगळ्या. मुलगा गोव्यात कामाला असतो, मुलगी चंदगडला दिलेली असते, एक चुलत घराणे पुण्यात असते. मुलींच्या सह्या विसरू नका, त्यांचा हक्क तितकाच आहे. मंडळी गणपतीला किंवा गावच्या जत्रेला एकत्र येतात, तेव्हा हे काम उरकून घ्यावे. दानपत्र शिक्षण खात्याच्या किंवा शाळेच्या नावे कसे लिहायचे, याचा मसुदा आधी बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, कार्यालयाला दाखवा. नंतर दुरुस्ती करायची म्हटली की पुन्हा तीच वरात. दानपत्र झाल्यावर उताऱ्यावर नाव चढेपर्यंत पाठ सोडू नका, आणि मोजणी करून चारी बाजूंच्या हद्दी ठरवून घ्या.

कणकुंबी, भीमगड या बाजूच्या गावांना आणखी एक अडचण आहे, जागा वनखात्याची असते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये यासाठी वाट ठेवली आहे. शाळेसारख्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ हून जास्त झाडे तोडायची नसतील आणि ग्रामसभेने शिफारस केली असेल तर. भीमगड अभयारण्याच्या आतली गावे असतील तर वन्यजीव कायद्याच्या परवानग्या वेगळ्या लागतात. तिथे आधी वनखात्याशी बोला, मगच नकाशावर खर्च करा.

दुसरे काम: खात्याची लेखी संमती

सरकारी शाळेच्या आवारात बाहेरच्या पैशातून एक वीटही लावायची तर शिक्षण खात्याची संमती हवी. एसडीएमसीचा, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचा, ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र, मग बीईओ, मग डीडीपीआय, म्हणजे शिक्षण खात्याचे जिल्ह्याचे उपसंचालक. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. आपला तालुका कुठल्या डीडीपीआयकडे येतो ते बघूनच अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये द्या. भाषेचा प्रश्न आपल्या जागी आहे आणि तो मांडायची ठिकाणेही आहेत, पण कारकुनाच्या टेबलावर फाईल पडून राहू नये हे आत्ता जास्त महत्त्वाचे. गावात चांगले कन्नड लिहिणारी मुले-मुली आता भरपूर आहेत, त्यांना हाताशी घ्या.

या संमतीपत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: बांधायला हरकत नाही, बांधून झाल्यावर इमारत खाते ताब्यात घेईल, तिची देखभाल खाते करील, आणि हीच खोली समग्र शिक्षा किंवा दुसऱ्या कुठल्या योजनेतून मंजूर झालेली नाही. शेवटचा मुद्दा अनेकांच्या डोक्यातच येत नाही. एकाच खोलीवर दोन निधी दिसले, तर परदेशी दाता तिथेच हात आखडता घेतो.

आणि पटसंख्या. शाळेत नऊ मुले असतील तर नव्या तीन खोल्यांचा प्रस्ताव कुणी मान्य करणार नाही, आणि तो पाठवणे योग्यही नाही. अशा ठिकाणी आजूबाजूच्या वाड्यांची मुले जिथे येतात त्या केंद्रातल्या शाळेचा विचार करा. युडायसचे, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंग्रहातले, मागच्या तीन-चार वर्षांचे आकडे काढून ठेवा, ते खाली गेलेले असले तरी खरे तेच दाखवा.

तिसरे काम: पैसा घेणार कोण?

सरकारी शाळेच्या वतीने मुख्याध्यापक परदेशी पैसा घेऊ शकत नाहीत. एसडीएमसीच्या खात्यावरही तो आणता येत नाही. लागते ती नोंदणीकृत संस्था किंवा न्यास. संस्था असेल तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदवलेली. महाराष्ट्रातल्यासारखी धर्मादाय आयुक्तांची वाट इथे नाही, त्यामुळे कोल्हापूरच्या पाहुण्याने सांगितलेली प्रक्रिया इथे जशीच्या तशी लावू नका.

त्यानंतर येतो तो एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायदा, २०१०. परदेशी सरकारचा पैसा हा या कायद्याने परकीय योगदानच ठरतो. जपानच्या राजदूताने स्वतः धनादेश दिला तरी केंद्रीय गृहखात्याची मान्यता नसेल तर तो जमा करून घेणे गुन्हा आहे. मान्यतेच्या दोन वाटा आहेत.

एक म्हणजे कायमची नोंदणी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. ही नोंदणी पाच वर्षे चालते. दुसरी वाट पूर्वपरवानगीची: एक ठरावीक दाता, एक ठरावीक रक्कम, एक ठरावीक काम. दात्याचे वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल जोडून एफसी-३बी नमुन्यात अर्ज करायचा. गावच्या नव्या संस्थेला ही दुसरी वाटच झेपते. दोन्हींसाठी नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांचे आधार लागते. चौकशी होते, वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

परकीय पैसा पहिल्यांदा दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावा लागतो. घाबरू नका, दिल्लीला जावे लागत नाही, जवळच्या स्टेट बँक शाखेमार्फत ते खाते उघडता येते. तिथून पुढे खर्चासाठी बेळगाव किंवा खानापूरच्या बँकेत वेगळे खाते चालते. त्या खात्यात गावची वर्गणी, गणेशोत्सवाचा शिल्लक पैसा, कुणाची देणगी, यांतला एक रुपयाही मिसळायचा नाही.

"पुण्याच्या एका संस्थेकडे एफसीआरए आहे, ते घेतील आणि आपल्याला देतील" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पुण्याची संस्था स्वतः काम करणार असेल, स्वतः बिले भागवणार असेल तरच ते शक्य आहे. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली. शाळेच्या खोलीसाठी एवढाही लागू नये असे माझे मत आहे.

कार्यकारी मंडळ निवडताना विशेष जपा. निवडणुकीचा उमेदवार, आमदार-खासदार, सरकारी नोकर, राजकीय पक्ष व त्याचे पदाधिकारी, नोंदणीकृत वृत्तपत्राचा संपादक किंवा वार्ताहर, यांना परकीय योगदान घेता येत नाही. राजकीय स्वरूपाची ठरवलेली संघटनाही अपात्र असते. आपल्या गावांत धडपडी माणसे थोडी असतात. तोच माणूस पंचायतीला उभा, तोच चळवळीत, तोच पेपरला बातम्या देतो आणि तोच शाळेसाठी पळतो. अशा माणसांनी सल्ला द्यावा, सह्या मात्र दुसऱ्यांनी कराव्यात. निवृत्त शिक्षक, एखादी बचत गट चालवणारी बाई, शाळेचे माजी विद्यार्थी, एखादा निवृत्त जवान असे पाच-सात जण पुरेत. आपल्या भागात निवृत्त जवानांना तोटा नाही आणि हिशेबाची शिस्त त्यांच्या अंगात असते.

चौथे काम: दार कुठले ठोठवायचे

जपानची योजना 'ग्रँट असिस्टन्स फॉर ग्रासरूट्स ह्युमन सिक्युरिटी प्रोजेक्ट्स' या लांबलचक नावाची आहे, लोक तिला जीजीपी म्हणतात. १९८९ पासून ती विकसनशील देशांत चालते. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, पाणी अशा तळातल्या कामांसाठी जपानचे दूतावास थेट स्थानिक संस्थांशी करार करतात. एका कामाच्या मदतीला येनमध्ये ठरलेली कमाल मर्यादा असते. रुपयांत किती होईल ते येनच्या भावावर, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचा दर विचारून घ्या.

कर्नाटकातल्या अर्जांचे काम बेंगळूरुच्या जपानी महावाणिज्य दूतावासाकडे येते. आपण सवयीने मुंबईकडे बघतो, पण तिकडचा दूतावास चंदगड-गडहिंग्लजचा अर्ज घेईल, खानापूरचा नाही. बिदरमधल्या भालकी-औराद आणि कारवार-जोयडा भागातल्या मंडळींनाही बेंगळूरुच.

या मदतीतून काय मिळते? इमारत, स्वच्छतागृहे, फर्निचर, पाण्याची टाकी, उपकरणे. काय मिळत नाही? शिक्षकांचा पगार, वीजबिल, शिष्यवृत्ती, संस्थेचा रोजचा खर्च. धार्मिक किंवा राजकीय हेतूचे काहीही नाही. नफा कमावणाऱ्या शाळेलाही नाही.

एक इशारा इथेच देतो. "दूतावासात ओळख आहे, दहा टक्के द्या" म्हणणारा भेटला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. अर्जाला फी नाही आणि मध्यस्थाची गरज नाही.

पाचवे काम: मागणी आणि इस्टिमेट

२००९ चा शिक्षणहक्क कायदा समोर ठेवून मागणी लिहा. दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकखोली, कुंपण, रॅम्प, मैदान. यातले काय आहे आणि काय नाही याचा तक्ता करा. कुंपण आणि स्वयंपाकखोली पंचायतीला रोजगार हमीतून करता येते का ते पीडीओंना विचारा आणि परदेशी मदतीत फक्त खोल्या व स्वच्छतागृहे ठेवा. गावाचा आणि पंचायतीचा स्वतःचा वाटा दिसला की प्रस्तावाचे वजन वाढते.

इस्टिमेट पंचायत राज इंजिनिअरिंग विभागाच्या किंवा परवानाधारक अभियंत्याकडून घ्या. आपल्याकडचा पाऊस त्याला वेगळा समजावून सांगा. गोकाक-अथणीकडचा नकाशा उचलून जांबोटीत लावला तर चार पावसांत भिंती हिरव्या होतात. पाया उंच घ्या, स्लॅबच्या वर उतरते पत्र्याचे छप्पर घ्या, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशी वळचण ठेवा, खिडक्यांवर रुंद छज्जे. जांभ्याचा चिरा आपल्याकडे मुबलक आहे, गवंड्यांच्या हाताला त्याची सवय आहे, भिंतींना तोच वापरा. जोत्याला आणि लिंटेलला काँक्रीटचे पट्टे मात्र सोडू नका.

बांधकामासाठी तीन ठेकेदारांची स्वतंत्र कोटेशने लागतात. स्वतंत्र म्हणजे खरोखर स्वतंत्र. एकाच अक्षरातली, एकाच चुका असलेली तीन कोटेशने दूतावासातल्या माणसाला पहिल्या नजरेत कळतात.

सहावे काम: अर्ज आणि पाहणी

अर्ज इंग्रजीत असतो. सोबत संस्थेची घटना, मागचे लेखापरीक्षित हिशेब, जागेचे कागद, संमतीपत्रे, नकाशा, इस्टिमेट, कोटेशने. मराठी-कन्नड कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडा. भाषा साधी ठेवा. "सीमाभागातील उपेक्षित बांधव" असे लिहिण्याऐवजी "चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात, जूनमध्ये खोलीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी साचते" असे लिहा आणि त्याचा फोटो लावा.

निवड झाली तर दूतावासाची माणसे गावात येतात. आपले लोक अशा वेळी ढोल-ताशे, फेटे, नारळ, भाषणे यांची तयारी करतात. स्वागत अवश्य करा, पण पाहुण्यांना भाषणे नको असतात. ते बाके मोजतात, स्वच्छतागृहाचे दार उघडून बघतात, स्वयंपाक करणाऱ्या बाईंना विचारतात पाणी कुठून आणता. पावसाळ्यात कुठल्या वाडीची मुले ओढ्यामुळे येत नाहीत हे सहावीतल्या मुलीलाच विचारतात. त्यांना मोकळेपणी बोलू द्या, कुणी पढवू नका. शाळा चालू असताना त्यांना यायला सांगा, रविवारी नको.

शेवटची मंजुरी टोकियोहून येते. तोवर ठेकेदाराला आगाऊ पैसे देऊ नका, जुनी खोली पाडू नका. करारावर सही होण्याआधी केलेला खर्च परत मिळत नाही.

सातवे काम: करार, बांधकाम, हिशेब

करारानंतर काम साधारण एका वर्षात पुरे करायचे असते. इथे पुन्हा पाऊस. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात जून ते ऑक्टोबर पायाचे काम होत नाही, म्हणून वेळापत्रकात ते महिने मोकळे सोडा आणि तसे अर्जातच लिहा. दिवाळीनंतर पाया, मे महिन्याच्या आधी छप्पर, असा हिशेब बसला तर मुलांचे वर्ष वाया जात नाही. काम चालू असताना मुलांना कुठे बसवायचे, मंदिरात, समाज भवनात की पंचायतीच्या सभागृहात, ते एसडीएमसीने आधी ठरवावे.

आराखड्यात काहीही बदलायचे असेल, खिडकी इकडची तिकडे सुद्धा, तर आधी दूतावासाची लेखी परवानगी घ्या. पैसा उरला तर "त्यातच व्हरांडा करून टाकू" म्हणायचे नाही, आधी विचारायचे. प्रत्येक बिल पक्के, प्रत्येक पैसा बँकेतून. वाळूची गाडी रोखीने घ्यावी लागते ही सबब चालत नाही, पावती देणाराच पुरवठादार शोधा.

दात्याच्या नावाचा फलक लावावा लागतो. तो कोणत्या भाषांत, कोणती ओळ वर, हे शिक्षण खात्याशी आणि दूतावासाशी आधीच लेखी ठरवा. उद्घाटनाच्या दिवशी फलकावरून वाद होणे म्हणजे मुलांच्या तोंडचा घास काढण्यासारखे आहे.

काम संपल्यावर अंतिम अहवाल आणि लेखापरीक्षण दूतावासाला द्या, आणि इमारत खात्याच्या ताब्यात दिल्याचे सही-शिक्क्याचे पत्र घ्या. गृहखात्याकडे एफसी-४ हे वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, भरावे लागते. शाळा बांधून झाली म्हणून हे थांबत नाही. नोंदणी किंवा परवानगी चालू आहे तोवर, ज्या वर्षी एक रुपयाही आला नाही त्या वर्षीही, कोरे विवरण भरायचेच. अनेक संस्था इथेच चुकतात आणि नोंदणी घालवून बसतात. दाता दोन-चार वर्षांनी इमारत बघायला परत येऊ शकतो, म्हणून सगळ्या कागदांचे तीन संच करा: एक संस्थेत, एक शाळेत, एक पंचायतीत. मुख्याध्यापकांची बदली झाली तर नव्या मुख्याध्यापकांना तो संच यादीवर सही घेऊन सोपवा.